आधी बॉल सुटला की आधी भोंगा वाजला?

दोस्तांनो, एक सामना डोळ्यांसमोर आणा. मुंबईतलं नागपाड्याचं बच्चूखान मैदान. संध्याकाळ झालीय, दिवे लागलेत आणि बास्केटबॉलचा सामना अगदी रंगात आलाय. एक संघ एका गुणाने मागे आहे आणि घड्याळात उरलाय फक्त दीड सेकंद. कडेवरून बॉल आत येतो. एक मुलगी तो झेलते, उडी मारते, तिचा हात वर जातो आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजतो! बॉल हवेत. रिंगवर एकदा आपटतो, कडेकडेने घरंगळतो आणि जाळीतून खाली पडतो.

पुढे काय होणार, ते सांगायलाच नको. या बाजूचे ओरडतात, "बास्केट! भोंग्याच्या आधी सुटला होता बॉल!" त्या बाजूचे ओरडतात, "काहीतरीच काय! भोंगा वाजला तेव्हा बॉल हातातच होता!" दोन्हीकडच्यांना अगदी पक्की खात्री. मुद्दाम खोटं कुणीच बोलत नाहीये. मग खरं कोण?

या एका भांडणाच्या पोटात आवाज, उजेड, आपली बोटं, आपला मेंदू आणि घड्याळ, एवढं सगळं विज्ञान दडलेलं आहे. चला, एकेक गाठ सोडवू.

आधी नियम तर बघू!

बास्केटबॉलमध्ये वेळ संपली म्हणजे बॉल हवेतच बाद होत नाही. वेळ संपण्याआधी बॉल खेळाडूच्या हातातून सुटलेला असला, की पुरे. मग तो हवेत असताना भोंगा वाजला तरी चालतं. बॉल जाळीत गेला तर गुण मिळतात. म्हणजे पंचांना फक्त दोन गोष्टींचा क्रम लावायचा असतो. बॉल बोटांना सोडून गेला तो क्षण, आणि घड्याळात शून्य आलं तो क्षण. यांतलं आधी काय घडलं?

ऐकायला किती सोपं!

हा खेळ जन्मला १८९१ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात. वायएमसीए नावाच्या संस्थेच्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, मुलं आत बसून कंटाळलेली. नेस्मिथ सरांनी पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला उंच ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्यांतल्या एका नियमात त्यांनी सांगून ठेवलं होतं, की वेळेकडे लक्ष ठेवायचं काम रेफरीचं. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. तेव्हा सेकंदाच्या दहाव्या भागावरून कुणी भांडत नव्हतं, कारण तेवढा बारीक भाग दाखवणारं घड्याळच मैदानावर नव्हतं.

तोच खेळ वायएमसीएबरोबर जगभर फिरत आपल्याकडे आला. मुंबईत त्याचं घर म्हणजे नागपाडा. बच्चूखान मैदान आणि जवळचं मस्तान तलाव मैदान, इथल्या गल्ल्यांमधून एकाहून एक खेळाडू तयार झाले. भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुंतसिर हे इथलेच. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तिकडे माटुंग्याला डॉन बॉस्को शाळा आणि इंडियन जिमखान्याच्या कोर्टवरही बॉलची धपधप चालूच असते.

आजच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागाच्या शेवटच्या मिनिटात घड्याळ सेकंदाचे दहावे भागही दाखवतं. ०.९, ०.८, ०.७... आणि भांडणं वाढली ती इथेच.

आवाज चालत येतो

परळ-लालबागमध्ये राहणाऱ्या आजी-आजोबांना गिरणीच्या भोंग्याबद्दल विचारून बघा. त्यांचे डोळे लगेच चमकतील. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी सुटली. घरात घड्याळ नसलं तरी चालायचं, अख्खी वस्ती भोंग्यावर चालायची.

आता एक गणित. आवाज हवेतून साधारण किती वेगाने जातो? हवा शून्य अंश तापमानाची असेल तर सेकंदाला ३३१ मीटर. हवा तापली की त्याचा वेगही वाढतो. मुंबईच्या तीस अंशांच्या उकाड्यात तो सेकंदाला साधारण ३५० मीटर भरतो. म्हणजे गिरणीपासून एक किलोमीटरवरच्या चाळीत भोंगा पोचायला जवळपास तीन सेकंद लागायचे. गिरणीच्या दारातल्या माणसाचे सात वाजून तीन सेकंद झालेले असायचे, तेव्हा कुठे चाळीतल्या माणसाचे सात 'वाजायचे'! पण पाळीवर जाणाऱ्याला तीन सेकंदांनी काय फरक पडणार? त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बास्केटबॉलमध्ये मात्र याच उशिराने सामना फिरतो. समजा, तुम्ही भोंग्याच्या अगदी शेजारी, साडेतीन मीटरवर बसला आहात. भोंगा तुमच्या कानात सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचला. तुमची मैत्रीण वरच्या कोपऱ्यात, भोंग्यापासून ३५ मीटरवर बसली आहे. तिला तोच भोंगा सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू आला.

दहावा भाग म्हणजे कितीसा, असं वाटलं ना? हातातून सुटलेला बॉल सेकंदाला सहज सात मीटर जातो. दहाव्या भागात झाले ७० सेंटिमीटर! समजा, बॉल हातातून सुटला आणि भोंगा वाजला, ते अगदी एकाच क्षणी. तुम्ही भोंगा ऐकला तेव्हा बॉल बोटांना जवळजवळ चिकटलेलाच होता. तुमच्या मैत्रिणीने भोंगा ऐकला तेव्हा बॉल हातापासून जवळपास पाऊण मीटर लांब गेला होता. तुम्ही म्हणणार, "हातातच होता." ती म्हणणार, "केव्हाच सुटला होता!" दोघं शपथेवर सांगाल आणि दोघांनीही आपल्याला जे जाणवलं तेच सांगितलेलं असेल.

हा उशीर स्वतः बघायचाय? गणपतीच्या दिवसांत लालबागच्या रस्त्यावर लांबून ढोलपथक येत असतं. शंभरेक मीटरवरून एकाच वादकाच्या टिपरूकडे नीट बघा. टिपरू ढोलावर पडतं आणि आवाज मागाहून येतो. पथक जवळ येत जातं तसं हे अंतर मिटत जातं. वादकांचा ताल कधीच चुकलेला नव्हता. तुमच्या कानाला यायला वेळ लागत होता, एवढंच.

उजेडाला घाई फार

कान उशीर करतो म्हटल्यावर पंचांनी काय केलं? त्यांनी डोळ्यांची मदत घेतली. मोठ्या सामन्यांत बास्केटच्या मागच्या काचेच्या बोर्डाकडे बघा. त्याच्या चारही कडांना लाल दिव्यांची पट्टी असते. घड्याळात शून्य आलं की ती झटकन पेटते.

उजेडाचा वेग सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर. सेकंदाचे एक कोटी तुकडे केले, तर त्यातल्या साधारण एका तुकड्यात तो ३५ मीटर पार करतो. म्हणजे शेजारी बसा नाहीतर वरच्या कोपऱ्यात बसा, लाल पट्टी सगळ्यांना एकदमच दिसते. शिवाय ती बोर्डावरच असल्याने खेळाडूचा हात, बॉल आणि पेटलेली पट्टी, हे सगळं कॅमेऱ्याच्या एकाच चित्रात सापडतं. म्हणून अशा निकालात कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवतात.

गंमत म्हणजे ही युक्ती दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीपासून माहीत होती. समुद्रात आपण नेमके कुठे आहोत हे काढायला जहाजाला अगदी अचूक घड्याळ लागायचं. म्हणून बंदरात एका उंच मनोऱ्यावर मोठा गोळा वर चढवत आणि ठरल्या क्षणी तो खाली सोडत. जहाजांवरचे लोक दुर्बिणीतून बघत आणि गोळा सुटला रे सुटला, की आपलं घड्याळ लावून घेत. आपल्या मुंबईच्या गोदीतही असा वेळगोळ्याचा मनोरा होता. तोफ उडवली असती तर लांबच्या जहाजाला ती उशिरा ऐकू आली असती. गोळा पडताना मात्र सगळ्यांना एकदमच दिसायचा.

बोटाचा उशीर

बरं, लाल पट्टी घड्याळाने पेटवली. पण घड्याळ चालू कोणी केलं? टेबलावर बसलेल्या टाइमकीपरने, बटण दाबून. मैदानातल्या खेळाडूचा हात बॉलला लागला, की बटण दाबायचं.

इथे दुसरा उशीर सुरू होतो. डोळ्यांनी बघितलं, मेंदूला कळलं, मेंदूने बोटाला हुकूम सोडला, बोट हललं. या सगळ्याला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे ०.२ सेकंद लागतात. टाइमकीपर कितीही हुशार असू दे, तो डोळे फाडफाडून बघत असू दे, एवढा वेळ जातोच.

*करून बघा.* तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी टांगायला सांगा. शून्याची खूण खाली हवी. तुम्ही त्या खुणेजवळ अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा, पण पट्टीला हात लावू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती चिमटीत पकडायची. कितव्या खुणेवर पकडली? १० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला ०.१४ सेकंद लागले. २० वर पकडलीत तर ०.२० सेकंद. ३० वर म्हणजे ०.२५ सेकंद. पट्टी हातातून निसटली तर त्याहूनही जास्त. पाच-सहा वेळा करा आणि आकडे वहीत लिहा. घरातल्या सगळ्यांना करायला लावा, आजोबांनासुद्धा!

या उशिराने एकदा एक नवा नियमच जन्माला घातला. १५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. न्यूयॉर्क निक्स विरुद्ध शिकागो बुल्स. दोन्हीकडे १०६ गुण आणि घड्याळात उरला होता सेकंदाचा दहावा भाग. निक्सच्या ट्रेंट टकरने बाहेरून आलेला पास झेलला, वळला, बास्केटवर बॉल फेकला आणि तीन गुण मिळवले. पंचांनी ते धरले. निक्स १०९–१०६ ने जिंकले.

आता तुमच्या वहीतले आकडे बघा. नुसती पट्टी पकडायला एवढा वेळ लागतो, तर बॉल झेलून, वळून, फेकायला ०.१ सेकंद पुरेल का? शक्यच नाही! मग घड्याळाने ती संधी दिली कशी? घड्याळ चालू करणारं बोट माणसाचं होतं, म्हणून. बुल्सने रीतसर तक्रार केली, पण निकाल बदलला नाही. नियम मात्र आला. आज जगभरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ उरला असेल, तरच झेलून फेकलेला बॉल धरतात. ०.२ किंवा ०.१ उरला असेल, तर आलेल्या बॉलला हवेतल्या हवेत नुसती टपली मारायची, नाहीतर थेट रिंगमध्ये दाबायचा. झेलून फेकायला बंदी. पंचांनी डोळे ताणत बसायचीही गरज नाही, कारण माणसाच्या शरीराला जे जमणारच नाही, ते नियमानेच आधी सांगून टाकलं.

उशीर कमी करायची आणखी एक युक्ती निघाली आहे. काही मोठ्या स्पर्धांत पंचांच्या अंगावर छोटा मायक्रोफोन असतो. शिट्टी वाजली की तो ओळखतो आणि घड्याळ आपोआप थांबतं. टेबलावरच्या बोटाची वाट बघावी लागत नाही.

"मीच आधी!"

कानाचा उशीर झाला, बोटाचा झाला. तिसरा गडी सगळ्यांत लबाड, तो म्हणजे आपलाच मेंदू!

डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांच्यात थोडंसंच अंतर असेल, तर मेंदू दोन्ही एकत्र शिवून टाकतो आणि आपल्याला सांगतो, "एकदमच झालं." रोजच्या जगण्यात हे फार सोयीचं आहे. नाहीतर समोरच्याचे ओठ आणि त्याचं बोलणं सतत वेगवेगळं वाटलं असतं. पण 'आधी काय?' हे विचारलं, की हीच शिवण आड येते.

आणि स्वतःबद्दलचा प्रश्न असला तर मेंदू आणखी पुढे जातो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले टाय टँग आणि मायकल मॅकबीथ या संशोधकांनी २०१९ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं समोरासमोर बसवली. खूण मिळाली की दोघांनी एकमेकांच्या हाताला टिचकी मारायची आणि मग सांगायचं, आधी कोणी मारली. दोघांच्या टिचक्या अगदी एकाच वेळी पडल्या, तरी माणसं स्वतःकडेच झुकत होती. प्रत्येकाला आपली टिचकी साधारण ०.०५ सेकंद आधी पडल्यासारखी वाटत होती!

आता कळलं ना, बॉल रेषेबाहेर गेला की दोन्ही खेळाडू का ओरडतात? "मी आधी हात लावला, नंतर तुझा लागला. तुझाच बॉल बाहेर गेला!" दोघांच्या मेंदूने दोघांना तसंच सांगितलेलं असतं.

*करून बघा.* दोन मित्र टेबलाशी बसा, तिसऱ्याने रुमाल वर धरायचा. रुमाल सोडला की दोघांनी टेबलावर थाप मारायची आणि आधी कोण, ते लगेच चिठ्ठीवर लिहायचं. चौथ्याने मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये हे सगळं टिपायचं. वीस वेळा करा. नंतर चिठ्ठ्या आणि व्हिडिओ ताडून बघा. जिथे दोन्ही चिठ्ठ्यांवर 'मी' लिहिलेलं असेल, तिथे खूण करा. अशा किती खुणा झाल्या?

कॅमेऱ्याचे डोळेही मिटतात

"मग कॅमेराच लावा की, वादच मिटला!" असं म्हणाल. बऱ्याच अंशी खरं आहे. अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेत २००२-०३ च्या हंगामापासून शेवटच्या क्षणाचे शॉट व्हिडिओवर तपासायला सुरुवात झाली.

पण या बाबतीत क्रिकेट दहा वर्षं पुढे होतं आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्या दादरला बांधलेलं आहे. शारदाश्रम शाळेत शिकलेला आणि शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेला एक मुलगा १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला कसोटी खेळत होता. जाँटी ऱ्होड्सने बॉल फेकला. धावबाद की नाही, हे मैदानातल्या पंचांना सांगता येईना. त्यांनी टीव्ही पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाला विचारलं. उत्तर आलं, बाद. अशा तऱ्हेने टीव्ही बघून बाद दिला गेलेला कसोटीतला पहिला फलंदाज ठरला सचिन तेंडुलकर!

आता कॅमेऱ्याची मर्यादा बघू. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पटापट काढलेली चित्रं. साध्या टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं दिसतात. म्हणजे एका चित्रानंतर पुढचं चित्र येतं ०.०४ सेकंदांनी. तेवढ्यात आपला बॉल २८ सेंटिमीटर पुढे जातो. एका चित्रात बॉल बोटांवर आहे आणि लाल पट्टी बंद. पुढच्या चित्रात बॉल हवेत आहे आणि पट्टी पेटलेली. मधल्या वेळात आधी काय झालं? कॅमेऱ्याला माहीत नाही, कारण तेव्हा त्याचा डोळा मिटलेला होता.

उपाय सोपा आहे. चित्रं वाढवा. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघत असतील, तर दोन चित्रांमध्ये बॉल जेमतेम तीन सेंटिमीटर सरकतो. तरीही ते तीन सेंटिमीटर उरतातच! यंत्र कितीही चांगलं घ्या, त्याचीही एक हद्द असते. मात्र ती हद्द किती, ते आपण मोजू शकतो.

तीन सेकंद, तीन वेळा

आता ऐका या सगळ्या भांडणांतलं सगळ्यांत मोठं भांडण. १९७२ चं म्युनिक ऑलिंपिक, बास्केटबॉलचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आल्यापासून अमेरिका एकही सामना हरली नव्हती. सलग ६३ सामने जिंकले होते!

रात्रीचे बारा वाजून गेलेले. तीन सेकंद उरलेले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो मारले आणि अमेरिकेला ५०–४९ अशी आघाडी मिळाली. तो दुसरा फ्री थ्रो मारत असतानाच टेबलावरून भोंगा वाजला. सोव्हिएत खेळाडूंनी बॉल आत टाकला, पण खेळ थांबवण्यात आला. तेव्हा एक सेकंद उरला होता. सोव्हिएत प्रशिक्षक म्हणाले, "आम्ही टाइमआउट मागितला होता, तो दिलाच नाही." जागतिक बास्केटबॉल संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि त्यांनी तीन बोटं वर केली. पुन्हा तीन सेकंद द्या!

दुसऱ्यांदा बॉल आत आला. पण घड्याळ अजून नीट लावून झालेलंच नव्हतं. भोंगा वाजला, अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले. पंचांनी सांगितलं, ही वेळ धरायची नाही, पुन्हा खेळा. तिसऱ्यांदा इव्हान एदेश्कोने कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक पास फेकला. अलेक्सांद्र बेलोव्हने तो झेलला आणि बास्केट केली. ५१–५०. सोव्हिएत संघ जिंकला.

अमेरिकेने अपील केलं. पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळलं. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं स्वीकारली नाहीत आणि इतक्या वर्षांनंतरही ती घेतलेली नाहीत.

इथे बेलोव्हचा बॉल कधी सुटला यावर कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न त्याहून मोठा होता. घड्याळ कुणाचं ऐकणार? टेबलावरच्या माणसाचं, मैदानातल्या पंचांचं, की प्रेक्षकांतून उतरून आलेल्या साहेबांचं? हे आधी पक्कं नसलं, तर जगातलं सगळ्यांत अचूक घड्याळसुद्धा कामाचं नाही.

आपल्या मुंबईला हे चांगलं ठाऊक आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली. पण मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. सूर्य मुंबईच्या डोक्यावर उशिरा येतो, म्हणून ती तशी. ती वेळ सोडायला शहर तयार नव्हतं, गिरणी कामगारांनीही विरोध केला. महापालिकेने मुंबईची वेळ पुढे कित्येक वर्षं जपली. विचार करा, एकाच शहरात दोन वेळा! "पाच वाजता भेटू" म्हटलं, की आधी विचारायचं, "कुठले पाच?" दोन्ही घड्याळं बरोबर होती. पण भेट व्हायची तर दोघांनी आधी एक घड्याळ ठरवायला हवं.

आपल्या कबड्डीनेही हेच केलं. पूर्वी चढाई किती वेळ चालायची? चढाई करणाऱ्याचा दम टिकेल तेवढा वेळ. घड्याळ त्याच्या छातीतच होतं. परळ-लालबागच्या मंडळांमध्ये "दम तुटला!" "नाही तुटला!" यावरून किती वाद रंगले असतील! आता दम घुमवत राहावा लागतोच, पण चढाईला ३० सेकंदांची मर्यादाही आहे आणि ते सेकंद सगळ्यांना दिसतात.

म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. वाद झाला की समोरच्याला "खोटारडा" म्हणू नका. तो कुठे बसला होता ते विचारा, त्याने कानाने ठरवलं की डोळ्याने ते विचारा. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. घड्याळ कुणाचं धरायचं, आणि शेवटचा शब्द कुणाचा. मग निकाल आपल्या विरुद्ध लागला तरी तो मानायचा. कारण तो मानायचं आपणच ठरवलेलं असतं.

आता तुमची पाळी

शाळेच्या क्रीडादिनासाठी एक कोडं देतो. १०० मीटरची शर्यत आहे. सर सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून पिस्तूल उडवतात. तुम्ही शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे आहात. बटण कधी दाबाल, आवाज ऐकल्यावर की धूर दिसल्यावर?

आवाजाची वाट बघाल, तर तो शंभर मीटर चालून यायला जवळपास ०.२९ सेकंद घेईल. तेवढं तुमचं घड्याळ उशिरा सुरू होईल आणि धावणाऱ्यांची वेळ खऱ्याहून कमी भरेल. उगाचच शाळेचा विक्रम मोडेल! म्हणून धूर दिसला की दाबा. ऑलिंपिकमध्ये तर प्रत्येक धावपटूच्या मागे वेगळा स्पीकर ठेवतात. कडेच्या धावपटूला आवाज उशिरा पोचून त्याच्यावर अन्याय होऊ नये, म्हणून. आणि आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो निघेल, त्याची सुरुवात चुकीची धरतात. तो आवाज ऐकून निघालेलाच नसतो, अंदाजाने निघालेला असतो. माणसाला इतक्या लवकर निघता येत नाही, हे तुमच्या पट्टीने तुम्हाला आधीच सांगितलंय.

तुमच्या शाळेत पिस्तूल नसेल, सर नुसती शिट्टी वाजवत असतील, तर त्यांना सांगा, "सर, शिट्टीबरोबर झेंडाही खाली आणा." आणि स्टॉपवॉचवाल्याला सांगा, नजर झेंड्यावर ठेव.